आजाराचे नाव तरी लिहा: राज्यातील हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील हृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यचिकित्सक आणि त्यांच्या व्यावसायिक संघटना
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: स्कॅड या आजारात स्त्रियांवर होणारी बायपास शस्त्रक्रिया, तिच्या नोंदी आणि नंतरची देखभाल

सन्माननीय डॉक्टर,

ज्या रुग्णालयात माझ्यावर बायपास शस्त्रक्रिया झाली, त्या रुग्णालयाने नुकतेच मला लेखी कळवले आहे की माझे डिस्चार्ज कार्ड ‘अंतिम’ असल्यामुळे त्यावरील निदानात कोणताही बदल करता येणार नाही. त्या कार्डावर ‘कॉरोनरी आर्टरी डिसीज, डबल व्हेसल’, म्हणजे चरबी साचून हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, अशा अर्थाचे निदान छापलेले आहे. प्रत्यक्षात माझ्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचलेले नव्हते आणि आजही नाहीत. माझ्या हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीची भिंत आतल्या आत दुभंगली होती. या आजाराला स्पॉन्टेनियस कॉरोनरी आर्टरी डिसेक्शन म्हणतात आणि आपण सारे त्याला स्कॅड म्हणून ओळखता. दुसऱ्या शहरातील एका हृदयरोगतज्ज्ञांनी माझ्या अँजिओग्राफीची सीडी पुन्हा पाहून आणि नंतर सीटी अँजिओग्राफी करून तसे लेखी दिले. ते पत्र जोडून मी केलेला दुरुस्तीचा अर्ज फेटाळला गेला, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. एका संस्थेला कोंडीत पकडून मला काही मिळवायचे नाही, आणि माझ्यासारखेच कागद मी इतर बायकांच्या हातातही पाहिले आहेत.

मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आजार झाला तेव्हा माझे वय 41 होते. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, घराण्यात तरुणपणी हृदयविकार झालेला कोणी नाही, मिश्रीसुद्धा कधी लावली नाही. दहावीच्या पेपर तपासणीच्या दिवसांत एका दुपारी छातीच्या मधोमध दाबल्यासारखे झाले, डावा दंड आणि जबडा भरून आला आणि कपाळावर गार घाम फुटला. पहिल्या दवाखान्यात ईसीजी न काढताच पित्ताची गोळी मिळाली. ‘मॅडम, टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला वर फुकट मिळाला. त्याच रात्री दुसऱ्या रुग्णालयात ईसीजी निघाला, हृदयविकाराचा झटका ठरला आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन मला मोठ्या शहरात पाठवण्यात आले. तिथे अँजिओग्राफी झाली, ‘ब्लॉक आहे, स्टेंट टाकू’ असे माझ्या नवऱ्याला सांगण्यात आले, त्याने सही केली. तार आत घालताना ती वाहिनीच्या खऱ्या पोकळीत न जाता दुभंगलेल्या थरांच्या मधल्या खोट्या पोकळीत शिरली. होता तेवढा प्रवाहही थांबला. पुढच्या काही तासांत माझी छाती उघडून दोन ग्राफ्ट, म्हणजे रक्तासाठी पर्यायी वाट करून देणाऱ्या शरीरातल्याच दुसऱ्या वाहिन्या, जोडले गेले.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. त्या रात्री ज्या शल्यचिकित्सकांनी मला टेबलावर घेतले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्या क्षणी बायपासशिवाय मार्ग नव्हता, हे मी नंतर तज्ज्ञांना विचारून समजून घेतले आहे आणि मला ते पटले आहे. माझे म्हणणे आहे ते त्या शस्त्रक्रियेच्या अलीकडचे आणि पलीकडचे: मला तिथपर्यंत आणणारी वाट टाळता आली असती का, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर माझ्या आजाराकडे कोणी वळून का पाहिले नाही.

हे पत्र सामान्य वाचकही वाचतील, म्हणून आजाराविषयी थोडे लिहिणे भाग आहे. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. स्कॅडमध्ये या थरांच्या मध्ये रक्त साठते. कधी आतल्या अस्तराला चीर पडून, तर कधी भिंतीतल्याच बारीक वाहिन्यांतून रक्तस्राव होऊन. गोधडीचे थर उसवून मध्ये पाणी शिरावे आणि ती एका बाजूने फुगावी, तशी भिंत आत फुगते आणि रक्त वाहायची मूळ जागा दाबली जाते. पुढचा हृदयाचा स्नायू उपाशी राहतो आणि झटका येतो. झटका खराच असतो. ईसीजी बदलतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे ट्रोपोनिन रक्तात वाढते. कारण मात्र वेगळे असते.

1931 मध्ये एका 42 वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनात हा आजार प्रथम वर्णिला गेला. त्यानंतर कितीतरी दशके तो शवविच्छेदनात सापडणारा दुर्मीळ चमत्कार मानला गेला. आज चित्र वेगळे आहे. स्कॅडच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींचे वय चाळिशी ते पन्नाशीच्या आसपास असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2018 च्या निवेदनानुसार पन्नाशी न ओलांडलेल्या स्त्रियांना येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी 35 टक्क्यांपर्यंत झटके स्कॅडचे असू शकतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचे तर ते सर्वांत मोठे कारण आहे. त्याच वर्षी युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही यावर स्वतंत्र भूमिका मांडली. म्हणजे ही माहिती आपल्या हाती येऊन बरीच वर्षे झाली.

या दोन्ही निवेदनांचा रोख एकच आहे. रुग्ण स्थिर असेल, वेदना थांबली असेल आणि वाहिनीतून रक्त वाहत असेल, तर शक्यतो हात लावू नये. औषधे द्यावीत, काही दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवावे, कारण भेग वाढायची असेल तर ती बहुधा पहिल्या आठवड्यातच वाढते. बहुसंख्य रुग्णांत वाहिनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप भरून येते. कॅनडातील 750 रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 84 टक्के रुग्णांवर सुरुवातीला फक्त औषधोपचार झाले होते आणि बायपास झालेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने 2014 मध्ये 189 रुग्णांची माहिती मांडली. तिथे अँजिओप्लास्टी निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे 53 टक्के वेळा, अयशस्वी ठरली होती, आणि आधी प्रवाह चांगला असलेल्या वाहिन्यांतही ती फसत होती. माझ्या बाबतीत घडले ते जगावेगळे नव्हते. आधीच छापून आलेल्या धोक्याचीच ती आणखी एक नोंद होती, फरक इतकाच की ती कोणी केली नाही.

मग बायपास कधी? डाव्या मुख्य वाहिनीला किंवा एकाच वेळी अनेक वाहिन्यांच्या सुरुवातीला भेग असेल, रक्तदाब सावरत नसेल, औषधे देऊनही झटका चालूच असेल, किंवा स्टेंटचा प्रयत्न फसला असेल तेव्हा. शेवटचा पर्याय म्हणून बायपासने जीव वाचवले आहेत, माझाही. परंतु ही नेहमीची बायपास नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा किती तरी चांगले ठाऊक आहे. एरवी शल्यचिकित्सकाच्या हाती कडक झालेली, अरुंद झालेली, पण एकसंध भिंतीची वाहिनी येते. अडथळ्याच्या पुढची निरोगी जागा पाहायची आणि तिथे नवी वाट जोडायची. स्कॅडमध्ये जिथे टाका घालायचा तीच ऊती सुटी झालेली, रक्ताने फुगलेली असते. खरी पोकळी कोणती आणि खोटी कोणती, हे उघड्या हृदयावरही चटकन ओळखता येत नाही. ग्राफ्ट खोट्या पोकळीला जोडला गेला तर रक्त स्नायूपर्यंत पोहोचतच नाही. भेग वाहिनीच्या टोकापर्यंत उतरलेली असेल तर जोडायला जागाच उरत नाही. अशा परिस्थितीत मध्यरात्री केलेल्या जोडणीचे श्रेय मी कमी लेखत नाही.

यापुढचा मुद्दा रुग्णांना सहसा सांगितला जात नाही. मेयो क्लिनिकच्या त्याच अभ्यासात 20 रुग्णांवर बायपास झाली होती आणि नंतर ज्या 16 ग्राफ्टची तपासणी झाली, त्यांपैकी 11 बंद झालेले आढळले. याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट झाली असा होत नाही. मूळ वाहिनी भरून आली की रक्त पुन्हा तिच्यातून वाहू लागते, ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो आणि तो आक्रसून बंद पडतो. ग्राफ्टने कठीण दिवसांत पूल म्हणून काम केले, एवढे पुरे. पण यातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, छातीच्या आतल्या बाजूची डावी धमनी, जिला आपण लिमा म्हणता, ती अशा रुग्णात लगेच वापरायची की पायाची शीर वापरून ती पुढच्या गरजेसाठी राखून ठेवायची? काही तज्ज्ञ राखून ठेवण्याच्या बाजूचे आहेत. यावर सर्वांचे एकमत नाही आणि तातडीच्या वेळी हाती येईल ते वापरावे लागते, हेही खरे. तरीही हा विचार झाला होता की नाही, हे रुग्णाच्या कागदावर दिसायला हवे. दुसरा प्रश्न, ग्राफ्ट चालू आहेत की बंद, आणि मूळ वाहिनी भरून आली की नाही, हे नंतर कधी व कसे पाहायचे? मला कोणीही सांगितले नव्हते. दुसऱ्या शहरातील डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी केली तेव्हा माझे दोन्ही ग्राफ्ट बंद होते, त्यांत लिमाही होती, आणि माझी स्वतःची वाहिनी मोकळी वाहत होती. संगणकाच्या पडद्यावर त्यांनी जुनी आणि नवी चित्रे शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात ती वाहिनी मध्यावर एकदम बारीक होऊन टोकापर्यंत गुळगुळीत बारीकच राहिली होती. चरबीच्या अडथळ्यात असतो तसा खडबडीतपणा कुठेही नव्हता. 2014 पासून वापरात असलेल्या वर्गीकरणात याला दुसरा प्रकार म्हणतात आणि स्कॅडमध्ये तोच सर्वाधिक आढळतो, असे त्यांनी समजावून सांगितले. माझ्या डिस्चार्ज कार्डात त्याच वाहिनीपुढे ‘लांब पल्ल्याचा ब्लॉक’ अशा अर्थाची एक ओळ आहे.

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते. काही माझ्या एकटीच्या नाहीत.

पहिली तक्रार ईसीजीची. चाळिशीतली बाई छातीत दुखते म्हणते तेव्हा तिला पित्त, गॅस, मानसिक ताण यांपैकी काहीतरी लावून दिले जाते. ईसीजी काढायला दहा मिनिटे लागतात. यावर अधिक लिहावे असे काही नाही.

दुसरी तक्रार गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची. ही दवा बंद करा असे मी म्हणत नाही. तालुक्याच्या ठिकाणी कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टीची खोली, नसते आणि नेहमीच्या झटक्यात हेच इंजेक्शन प्राण वाचवते. स्कॅडमध्ये मात्र ते टाळावे असे जागतिक निवेदने सांगतात, कारण भिंतीतला रक्तस्राव त्याने वाढू शकतो. ईसीजी पाहून स्कॅड ओळखता येत नाही, हेही मला समजते. म्हणूनच जिला धोक्याचे नेहमीचे कोणतेही घटक नाहीत अशी तरुण स्त्री, आणि त्यातही अलीकडेच बाळंत झालेली स्त्री, समोर असेल तर इंजेक्शन देण्यापूर्वी एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला फोन करावा आणि कॅथलॅबपर्यंत वेळेत नेता येते का हे पाहावे, एवढी सवय लागणे अशक्य नाही. आज तालुक्याहून ईसीजीचा फोटो मोबाइलवर जिल्ह्याला जातो. तंत्र आहे, विचारण्याची पद्धत नाही.

तिसरी तक्रार संमतीची आहे आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. माझ्या नवऱ्यासमोर ठेवलेल्या फॉर्मवर स्टेंटचे सर्वसाधारण धोके छापलेले होते. ‘ही भेग असू शकते, थांबून पाहणे हाही उपचार आहे, स्टेंट टाकताना भेग वाढली तर छाती उघडावी लागेल’ यातले एकही वाक्य त्याला कोणी ऐकवले नाही. त्या वेळी माझी वेदना थांबलेली होती आणि वाहिनीतून प्रवाह चालू होता, हे त्यांच्याच नोंदींत आहे. म्हणजे विचार करायला अवधी होता. त्या अवधीत शल्यचिकित्सकाला बोलावून हृदयरोगतज्ज्ञ आणि ते असे दोघांनी मिळून चित्रे पाहिली असती तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता; कदाचित तोच झाला असता. शल्यचिकित्सकाला बोलावले गेले ते सगळे बिघडल्यावर. रात्री नऊ वाजता कॅथलॅबच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात पेन देऊन घेतलेल्या सहीला समजून दिलेली संमती म्हणायला माझे मन तयार नाही.

चौथी तक्रार कागदांची. ऑपरेशन नोटमध्ये भेग कुठून कुठपर्यंत दिसली, भिंतीत साठलेले रक्त दिसले का, ग्राफ्ट जोडण्याची जागा कशी निवडली, यांपैकी काहीही नाही. छापील नमुन्यात मोकळ्या जागा भरलेल्या आहेत. शल्यचिकित्सकांनी ती वाहिनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्याखेरीज ती इतक्या जवळून कोणीही पाहिली नाही आणि यापुढे कोणी पाहणारही नाही. त्यांनी लिहिलेल्या चार ओळी माझ्यासाठी कोणत्याही तपासणीपेक्षा मोलाच्या ठरल्या असत्या. अँजिओग्राफीची सीडी मिळवण्यासाठी माझ्या भावाला रेकॉर्ड विभागाच्या खिडकीशी वारंवार उभे राहावे लागले. वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत नोंदी देणे बंधनकारक आहे, हे त्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला त्यानेच सांगितले.

चुकीच्या निदानाने काय बिघडते, असे मला एका सद्‌गृहस्थांनी विचारले. जगलात ना, म्हणाले. बिघडते ते असे. स्कॅड पुन्हा होऊ शकतो. वेगवेगळ्या अभ्यासांत त्याचे प्रमाण वेगवेगळे असले तरी ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. उद्या शाळेत मला पुन्हा कळ आली आणि 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने नेले, तर तिथला डॉक्टर माझे कार्ड वाचून जुन्या ब्लॉकचाच विचार करील आणि पुन्हा तेच इंजेक्शन, तीच तार. चरबी कमी करणाऱ्या गोळ्या मला भरपूर मात्रेत दिल्या गेल्या, ज्यांची स्कॅडच्या प्रत्येक रुग्णाला गरज नसते. दुसरीकडे, पुन्हा भेग पडण्याचा धोका कमी होण्याशी ज्यांचा संबंध दिसून आला आहे त्या बीटा ब्लॉकर गटातले (हृदयाचे ठोके मंदावणारे) औषध, चक्कर येते म्हटल्यावर, पर्याय न शोधता बंद केले गेले. या आजाराच्या अनेक रुग्णांत मान, मूत्रपिंड आणि इतर ठिकाणच्या धमन्यांतही फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया नावाचा दोष सापडतो, म्हणून डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या वाहिन्या एकदा तपासून घ्याव्यात असे सुचवले जाते. ही तपासणी माझ्यासाठी सुचवली गेली ती निदान बदलल्यावर. ज्या तरुण स्त्रीला पुन्हा मूल हवे आहे, तिला तर हे निदान माहीत नसणे अतिशय महागात पडू शकते.

पाचवी तक्रार बाळंतिणींविषयी आहे. बाळंतपणाशी निगडित स्कॅड बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो आणि तो इतरांपेक्षा गंभीर असतो. डावी मुख्य वाहिनी किंवा एकाहून अधिक वाहिन्या दुभंगण्याचे प्रमाण त्यात जास्त असते, त्यामुळे शल्यचिकित्सकाची गरजही याच स्त्रियांना अधिक पडते. माझी एक जुनी विद्यार्थिनी माहेरी बाळंतपणाला आली होती. बाळ महिन्याचेही झाले नव्हते तेव्हा ती गेली. अटॅक आला, एवढेच सगळे म्हणतात. शवविच्छेदन झाले नाही. तिला स्कॅडच झाला होता असे मी म्हणू शकत नाही आणि आता कोणीच म्हणू शकणार नाही. आशाताई घरी प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. बाळाचे वजन, ताप, नाळ सगळे पाहतात. छातीत दुखते का, दम लागतो का, हे दोन प्रश्न आईला विचारून ‘हो’ आल्यास त्याच दिवशी ईसीजीला पाठवायचे, एवढी भर त्या भेटीत घालायला पैसे लागत नाहीत.

यावर माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. एकही अवाजवी आहे असे मला वाटत नाही.

हृदयरोगतज्ज्ञ आणि हृदयशल्यचिकित्सक यांच्या संघटनांनी एकत्र बसून स्कॅडसाठी राज्यात लागू करता येईल अशी लेखी कार्यपद्धती तयार करावी. ती मराठीतही असावी, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेपासून रुग्णाच्या नातेवाइकापर्यंत सर्वांना वाचता येईल. रुग्ण स्थिर असताना स्टेंट किंवा बायपासचा निर्णय एकट्याने न घेता दोन्ही शाखांच्या डॉक्टरांनी चित्रे पाहून घ्यावा, आणि जिथे शल्यचिकित्सक उपलब्ध नाहीत तिथे तो दूरध्वनीवरून का होईना विचारविनिमय करून घ्यावा. स्कॅडची शंका असेल तर संमतीपत्रावर ती शंका, थांबण्याचा पर्याय आणि तातडीच्या बायपासची शक्यता हाताने लिहावी.

शस्त्रक्रिया झालीच तर ऑपरेशन नोटमध्ये भेगेचे वर्णन, ग्राफ्टची निवड आणि तिचे कारण लिहावे. डिस्चार्ज कार्डावर आजाराचे नाव लिहावे. निदान नंतर बदलले तर जुन्या कार्डावर खाडाखोड नको. तारीख घालून एक पुरवणी जोडावी. कोणत्याही बँकेत, शाळेत, तहसील कार्यालयात नोंद दुरुस्त करण्याची काही ना काही पद्धत असते. विद्यार्थ्याच्या दाखल्यावरची जन्मतारीखसुद्धा पुराव्यानिशी दुरुस्त होते. हृदयाच्या निदानाला ती सोय का नसावी, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

ज्या रुग्णाला स्कॅडनंतर बायपास झाली आहे, तिला घरी सोडतानाच पुढच्या तपासण्यांचे वेळापत्रक लेखी मिळावे: ग्राफ्ट आणि मूळ वाहिनी यांची सीटी अँजिओग्राफी, इतर धमन्यांची तपासणी, कोणती औषधे किती काळ घ्यायची, व्यायाम कसा वाढवायचा, पुन्हा गरोदर राहण्याविषयी कोणाचा सल्ला घ्यायचा. हृदयाच्या पुनर्वसनाचे वर्ग आपल्याकडे मोजक्या शहरांत चालतात आणि त्यांत बहुतेक वयस्क पुरुष असतात, हे मी पाहिले आहे. तिथे चाळिशीतल्या बायकांना अवघडल्यासारखे होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र वेळ ठेवणे हा फार मोठा खर्च नव्हे.

सार्वजनिक आरोग्य विभागाकडे माझी मागणी नोंदवहीची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपाससाठी पूर्वपरवानगी लागते आणि तिच्यासोबत तपासण्या जोडल्या जातात. पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या अर्जांत ‘स्कॅड: आहे, नाही, शंका आहे’ असा एक रकाना वाढवला तर वर्षभरात राज्याला निदान सुरुवातीचा अंदाज येईल. मातामृत्यूंच्या अन्वेषणात हृदयविकाराने गेलेल्या बाळंतिणींच्या बाबतीत हा प्रश्न आवर्जून विचारला जावा आणि शक्य तिथे शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या पाहिल्या जाव्यात. नोंदवही कोणी आणि कशी सुरू करायची, असे कोणी विचारील. मेयो क्लिनिकमधील संशोधनाला चालना मिळाली ती रुग्णांकडूनच. इंटरनेटवर एकमेकींना सापडलेल्या या आजाराच्या बायकांनी तिथल्या डॉक्टरांना गाठले आणि आमचा अभ्यास करा असे सांगितले. डॉक्टरांनी ऐकले. आपल्याकडेही मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एखाद्याने पुढाकार घेतला, तर आम्ही रुग्ण आपापल्या सीड्या घेऊन यायला तयार आहोत.

शल्यचिकित्सकांना एक विनंती वेगळी करते. आपल्या कपाटांत जुन्या ऑपरेशन नोट्स आणि सीड्या असतील. पन्नाशीच्या आतल्या, धूम्रपान न करणाऱ्या, मधुमेह नसलेल्या ज्या स्त्रियांवर आपण तातडीची बायपास केली, त्यांची चित्रे एखाद्या सवडीच्या दुपारी पुन्हा पाहा. त्यांतल्या काहींचे निदान आजच्या ज्ञानाप्रमाणे बदलेल, अशी माझी खात्री आहे. तसे आढळले तर त्या बायकांना फोन करून बोलावून घ्या. त्या चिडणार नाहीत. मीही चिडले नव्हते; इतके दिवस गोळ्या कशासाठी खात होते हे कळल्यावर मला त्या रात्री शांत झोप लागली होती.

माझी सर्व कागदपत्रे, दोन्ही अँजिओग्राफींची चित्रे आणि रुग्णालयाचे नकाराचे पत्र मी कोणत्याही संघटनेच्या किंवा विभागाच्या समितीसमोर ठेवायला तयार आहे. या पत्राला लेखी उत्तर मिळावे आणि त्यात वरीलपैकी कोणती मागणी कोणत्या मुदतीत मान्य होते, कोणती होत नाही आणि का होत नाही, हे स्पष्ट असावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका आणि बायपास झालेली स्कॅड रुग्ण
जिल्हा सांगली